786 चं स्टिकर आणि अकराशे किलोमीटर

निघायच्या आदल्या रात्री यांनी आमच्या गाडीच्या मागच्या काचेवरचं 786 चं स्टिकर काढलं. आधी गरम पाण्यात बुडवलेलं फडकं लावलं, मग ब्लेडने हळूहळू खरवडलं. मी वरून गॅलरीतून बघत होते. मी खाली जाऊन विचारलं नाही आणि त्यांनीही वर येऊन सांगितलं नाही. काही गोष्टी आमच्या घरांत न बोलताच ठरतात.

सकाळी मला सोलापूरहून कोट्याला निघायचं होतं. एकटीने, स्वतः गाडी चालवत.

कारण साधं होतं. मुलगा दोन वर्षं कोट्यात नीटची तयारी करत होता. मे महिन्यात परीक्षा झाली आणि त्यानंतरच्या फोनवर त्याचा आवाज सपाट झाला. पेपर कसा गेला यावर बोलेना, जेवलास का यावर ‘हां’ आणि झोपलास का यावरही ‘हां’. कोट्याच्या बातम्या प्रत्येक आईने वाचलेल्या असतात. 2023 साली तिथल्या प्रशासनाने वसतिगृहांच्या खोल्यांत स्प्रिंग लावलेले पंखे बसवायला सांगितले. ती बातमी वाचल्यापासून मी प्रत्येक व्हिडिओ कॉलमध्ये आधी छताकडे बघायचे, मग पोराच्या तोंडाकडे. त्या आठवड्यात तो एकदाच स्वतःहून बोलला, ‘‘अम्मी, कोई लेने आव.’’

खोलीत गादी होती, कूलर होता, पुस्तकांची चार खोकी होती. यांना मणक्याचा त्रास आहे, दोन तासांच्या वर गाडीत बसवत नाही. मी जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिकवते, शाळेला सुट्टी लागली होती. पाच वर्षांपूर्वी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकले. तोपर्यंतची माझी सगळ्यात लांब मजल सोलापूर ते गुलबर्गा, ख्वाजा बंदानवाजांचा उरूस. तीही शेजारी भाऊ बसलेला आणि तो प्रत्येक ट्रकला ‘‘आपा, ब्रेक!’’ म्हणणारा.

मी जाते म्हटल्यावर घरात जे झालं ते बऱ्याच वाचकांनी आपापल्या घरात पाहिलं असेल. सासूबाई म्हणाल्या, अकेली औरत कहां जाती. गल्लीतले हाजीसाहेब यांना मशिदीच्या पायऱ्यांवर गाठून म्हणाले, मेहरम कोण आहे सोबत? शाळेतल्या सहकारी बाई, ज्यांच्या घरचं मी प्रत्येक दिवाळीला खाते, त्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘अहो बाई, दिवस कसे आहेत बघताय ना. त्यातून तुमचं नाव...’’ पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

सगळे प्रेमानेच बोलत होते, हे मी मान्य करते. पण या सगळ्या प्रेमाची बेरीज एकच येत होती, घरी बस. घरचे म्हणत होते तू बाई आहेस म्हणून बस, बाहेरचे म्हणत होते तू मुसलमान आहेस म्हणून बस. दोन्ही बाजूंनी मला वाचवायला निघालेल्या माणसांच्या मधोमध मी उभी होते आणि माझं पोर अकराशे किलोमीटरवर होतं.

मग दीरांनी तोडगा काढला. भाड्याचा ड्रायव्हर घे, तीन दिवसांचे पैसे मी देतो. आणि गंमत अशी की या तोडग्यावर सगळे खूश झाले. हाजीसाहेबसुद्धा! ज्याला आमच्यापैकी कुणी ओळखत नाही अशा परपुरुषासोबत मी तीन दिवस, दोन रात्री प्रवास केला असता तर कुणाचीच हरकत नव्हती. हरकत फक्त माझ्या हातात स्टिअरिंग असण्याला होती. हे कळलं त्या क्षणी माझा निर्णय पक्का झाला.

मेहरमच्या प्रश्नाला मी उडवून लावत नाही. स्त्रीने मेहरमशिवाय लांबचा प्रवास करू नये अशा अर्थाच्या हदीस आहेत आणि जुन्या फकीहांपैकी बहुतेकांनी त्या तशाच घेतल्या आहेत. पण त्याच हदीसच्या संग्रहात अदी इब्न हातिम यांनी सांगितलेली एक गोष्टही आहे. एक दिवस असा येईल की हिरा शहरातून निघालेली एकटी स्त्री काब्यापर्यंत जाईल आणि तिला अल्लाहशिवाय कुणाची भीती वाटणार नाही, असं प्रेषितांनी त्यांना सांगितलं होतं. आणि अदी म्हणतात, पुढे मी तशी स्त्री स्वतः पाहिली. काही आलिम म्हणतात की हे फक्त भाकीत आहे, परवानगी नाही. काही म्हणतात की मूळ मुद्दा सुरक्षिततेचा आहे, वाट सुरक्षित झाली की बंधनाचं कारण उरत नाही. मी आलिम नाही. पण भारत सरकारने 2018 पासून पंचेचाळीस वर्षांवरच्या स्त्रियांना चौघींच्या गटाने मेहरमशिवाय हजला जायची वाट मोकळी केली, आणि 2019 साली खुद्द सौदी अरेबियाने एकवीस वर्षांवरच्या स्त्रीला पालकाच्या परवानगीशिवाय परदेशी जायची मुभा दिली. मक्केला जाणाऱ्या बाईला जे चालतं ते कोट्याला पोराला आणायला जाणाऱ्या बाईला का चालू नये, एवढंच मी हाजीसाहेबांना निरोपात कळवलं. उत्तर आलं नाही.

आपल्या बायका कधी घराबाहेर पडल्याच नाहीत, असंही नाही. भोपाळच्या सिकंदर बेगम 1863-64 साली हजला गेल्या आणि त्या प्रवासाचं त्यांनी लिहून ठेवलं. आपल्या कोकणातल्या जंजिऱ्याच्या नाझली बेगम 1908 साली युरोप फिरून आल्या आणि त्यांनीही उर्दूत प्रवासवर्णन छापलं. त्या राण्या होत्या, सोबत लवाजमा होता, हे खरं. पण राणीचा प्रवास पुस्तकात जातो आणि मास्तरणीचा प्रवास गल्लीच्या चर्चेत, हाही फरक लक्षात ठेवायला हवा.

फजरची नमाज पढून निघाले. डब्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी, पाण्याचे दोन मोठे कॅन. स्टेपनीत हवा भरून घेतली होती. जॅक लावून चाक कसं बदलायचं ते यांनी अंगणात दोनदा करून घेतलं होतं, तिसऱ्यांदा मी एकटीने केलं. राष्ट्रीय महामार्ग 52 हा सोलापुरातून निघतो तो धाराशिव, बीड, औरंगाबाद, धुळे, इंदूर, देवास, ब्यावरा, झालावाड करत कोट्याला आणि पुढे जयपूरला जातो. म्हणजे वळण चुकायची भीती नाही, एकच रस्ता धरून चालायचं. शहराची हद्द संपली आणि मनात आलं, शरियतच्या हिशेबाने आता मी मुसाफिर. आमच्या हनफी मसलकात सुमारे 77 किलोमीटरच्या पुढे जायचं असेल तर गाव सोडल्यापासून माणूस मुसाफिर होतो आणि चार रकातींच्या जागी दोन पढतो. लहानपणापासून मुलांना शिकवत आलेला हा नियम मी स्वतःसाठी, एकटीसाठी, पहिल्यांदा वापरणार होते. दीन मुसाफिराचं ओझं कमी करतो. समाज मात्र मुसाफिर बाईच्या डोक्यावर वाढवून ठेवतो.

पाट्या बदलल्या आहेत. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मठिकाण ‘उस्मानाबाद’ आहे, रस्त्यावर आता ‘धाराशिव’. पुढे ‘छत्रपती संभाजीनगर’. त्यावर इथे वाद घालायचा नाही. गावाचं नाव बदलताना निदान हरकती-सूचना मागवतात, राजपत्रात छापतात. माणूस स्वतःचं नाव बदलतो तेव्हा कुठे नोंद होत नाही. हे मी का म्हणतेय ते पुढे येईल.

कन्नडचा घाट उतरताना हात घामाने ओले झाले होते. शेजारी ‘‘आपा, ब्रेक!’’ म्हणणारं कुणी नव्हतं. दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर गाडी धरून, वळणावर हॉर्न देत उतरले. खाली चाळीसगावच्या सपाटीला लागल्यावर गाडी बाजूला घेतली आणि एकटीच हसले. त्या रात्री धुळ्याला डीएडच्या मैत्रिणीकडे राहिले. पहिला दिवस साडेचारशे किलोमीटरचा, आणि मनात म्हटलं, एवढंच होतं होय?

दुसऱ्या दिवशी शिरपूरच्या पुढे महाराष्ट्र संपला. बिजासनचा घाट, सेंधवा, खलघाटला नर्मदा. पुलावर गाडी हळू केली, मे महिन्यातही पाणी भरपूर होतं. इंदुरात शिरताना हुसेनसाहेबांची आठवण आली. मकबूल फिदा हुसेन आमच्या जिल्ह्यातल्या पंढरपूरचे, 1915 चा जन्म, बालपण इंदुरात. म्हणजे आमच्या मातीतून इंदूरला जाणारी वाट जुनी आहे. त्यांना शेवटी देशाबाहेर राहावं लागलं आणि 2011 साली लंडनमध्ये ते गेले, तेही त्याच वाटेवर आठवलं.

संध्याकाळी देवासच्या पुढे एका गावात मुक्काम ठरवला होता. लॉज फोनवरून बुक केला होता. काउंटरवरच्या तरुणाने आधारकार्ड घेतलं, नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून बाहेर गाडीकडे बघितलं. ‘‘साथ में कौन है?’’ म्हटलं, कोई नहीं. तो आत गेला. पाच मिनिटांनी बाहेर आला आणि म्हणाला, मॅडम, रूमचं काम निघालंय, आज देता येणार नाही.

मी वाद घातला नाही. गाडीत येऊन बसले. बाहेर अंधार पडत होता आणि डोक्यात एकच प्रश्न फिरत होता. मला खोली नाकारली ती एकटी बाई म्हणून, की मुसलमान म्हणून?

हा प्रश्न मी तेव्हापासून अनेकांना विचारला आहे. माझ्या हिंदू मैत्रिणी म्हणतात, अगं, एकट्या बाईला आम्हालाही नाही देत काही ठिकाणी. माझे मुसलमान पुरुष नातेवाईक म्हणतात, आम्हालाही नाही देत काही ठिकाणी. दोघांचंही खरं आहे. पण त्यांना निदान आपल्याला काय लागलं ते कळतं. मुसलमान बाईला ठेच लागते तेव्हा दगड कोणता ते कळत नाही. त्यामुळे तिला तक्रारही नीट करता येत नाही. आणि कदाचित खरोखरच खोलीचं काम निघालं असेल, ही तिसरी शक्यताही उरतेच. हा संशय आपल्या माणसांना आतून पोखरतो. प्रत्येक ‘नाही’मागे काय आहे ते शोधत बसण्यात आपली अर्धी ताकद जाते.

यांचा फोन आला. मी म्हणाले, पोचले, रूम चांगली आहे, जेवते आता. त्या प्रवासातलं हे माझं पहिलं खोटं.

इब्न बतूताचा एक प्रसंग मी दरवर्षी सातवीच्या मुलांना सांगते. 1325 साली, एकविसाव्या वर्षी तो टँजियरहून एकटा हजला निघाला. वाटेत भेटलेल्या लोकांसोबत ट्यूनिस शहरात पोचला, तर गावातले लोक आपापल्या ओळखीच्यांना भेटायला बाहेर आले. सगळे एकमेकांना सलाम करत होते. त्याला कुणी ओळखत नव्हतं. त्याला इतकं एकटं वाटलं की तो रडू लागला. ते बघून एक हाजी त्याच्याजवळ आला, त्याच्याशी बोलला आणि शहरात शिरेपर्यंत सोबत राहिला. हाच माणूस पुढे दिल्लीत काझी झाला, आपल्या दौलताबादला येऊन गेला, चीनपर्यंत पोचला. मुलांना मी नेहमी पुढची गोष्ट रंगवून सांगायचे, हत्ती, समुद्र, लुटारू. त्या संध्याकाळी गाडीत बसल्यावर मला ट्यूनिसचं रडणं कळलं.

माझ्याजवळ कुणी हाजी आला नाही. पेट्रोल पंपावर हवा बघायला थांबले तेव्हा तिथल्या मुलाला विचारलं, इथे बायकांना बरा असा लॉज कोणता? त्याने दोन किलोमीटरवरचा एक सांगितला. तिथल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा लावून माझं नाव रजिस्टरमध्ये एकेक अक्षर उतरवून घेतलं, गाडीचा नंबर दोनदा विचारला, गाडी भिंतीकडे लावा, पाणी सकाळी सहाला येतं, एवढं सांगितलं आणि किल्ली दिली. त्यांना माझ्या नावापेक्षा गाडीच्या नंबरात जास्त रस होता.

आपल्याकडे अशा लेखांत या ठिकाणी गंगा-जमुनी तहजीबचा उल्लेख येतो. मी तो करणार नाही. त्या गृहस्थांनी माझ्यावर उपकार केला नाही, प्रेम दाखवलं नाही, ‘हमारे यहां सब एक हैं’ असं भाषण दिलं नाही. त्यांनी माझ्या नावाकडे दुर्लक्ष केलं. मला वाटतं, आज आपल्याला देशाकडून मागायचं ते हेच आहे. दरवेळी कुणी मिठी मारायची गरज नाही. नाव वाचून किल्ली द्यावी, बस्स. टोलनाके या बाबतीत माणसांपेक्षा बरे. सोलापूर ते कोटा एकाही टोलवर मला कुणी नाव विचारलं नाही. फास्टॅगला फक्त शिल्लक कळते.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगते. यासाठीच हा लेख लिहायला घेतला आणि यासाठीच दोन महिने लांबवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी, राजस्थानात शिरल्यावर, रस्त्याकडेच्या एका धाब्यावर थांबले. ऊन असं की स्टिअरिंगला हात लावत नव्हता. धाब्यावर गल्ल्याच्या शेजारी खाटेवर एक साठीतली बाई बसली होती, धाबा तिच्या मुलाचा. एकटी बाई गाडी चालवत आली हे बघून तिला कोण कौतुक वाटलं. मला खाटेवर बसवून घेतलं, ताकाचा मोठा पेला दिला, जिरं घातलेलं. कुठून आलीस, कुठे चाललीस, पोरगा काय शिकतो, सगळं विचारलं. मी सगळं खरं सांगितलं. मग तिने विचारलं, ‘‘नाम क्या है बेटी?’’

आणि मी म्हणाले, ‘‘सुनीता.’’

कुणी मला धमकावलं नव्हतं. आजूबाजूला कुणी संशयी नव्हतं. दोन ट्रक ड्रायव्हर जेवत होते, त्यांचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. नाव तोंडातून आलं ते इतक्या सहज की जणू कधीपासून तयार करून ठेवलं होतं. बहुतेक ठेवलंच होतं. स्टिकर काढलं गेलं त्या रात्रीपासून, किंवा त्याच्याही आधीपासून.

म्हातारीने माझा नंबर घेतला. ‘‘सुनीता, पहुंच के फोन करना, फिकर रहेगी.’’ ताकाचे पैसे घेतले नाहीत.

गाडी चालू करून पुढे निघाले तेव्हा मला घाटापेक्षा, लॉजपेक्षा जास्त भीती वाटली. स्वतःची. शाळेत हजेरी घेताना मी एकेका पोरीला उभी करून म्हणते, नाव मोठ्याने सांग, पुटपुटू नकोस. त्या शाळेची बाई मी.

हे वाचून कुणी म्हणेल, यात काय एवढं, जीव वाचवायला माणूस काहीही सांगतो. जिवाची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. 2014 साली पुण्याच्या हडपसरमध्ये मारला गेलेला मोहसीन शेख आमच्या सोलापूरचा पोरगा. तो नमाज पढून खोलीवर परतत होता. 2023 साली त्या खटल्यातले सगळे आरोपी निर्दोष सुटले. एप्रिल 2017 मध्ये याच राजस्थानात, बहरोडजवळ, हमरस्त्यावर पहलू खानला जमावाने मारलं. यांनी स्टिकर काढलं ते भ्याडपणातून नव्हे. असल्या बातम्या वाचणाऱ्या नवऱ्याने तसंच केलं असतं. जिथे धोका दिसतो तिथे नाव लपवणाऱ्याला मी दोष देणार नाही.

पण त्या धाब्यावर धोका नव्हता. तिथे एक म्हातारी होती आणि ताक होतं. नावं विचारून मारणाऱ्यांची भीती इतकी आत गेली आहे की नाव विचारून ताक देणाऱ्यांनाही आपण खोटं सांगतो. माझ्या मते या काळाने आपलं केलेलं हे सगळ्यात मोठं नुकसान आहे. यात त्या म्हातारीचंही नुकसान आहे. तिच्या आयुष्यात एक मुसलमान बाई आली, तिच्या खाटेवर बसली, तिच्या हातचं ताक प्याली, आणि तिला ते कळलंच नाही. उद्या कुणी तिच्यासमोर ‘ते लोक असे असतात’ म्हणालं तर ‘नाही, एक आली होती माझ्याकडे’ असं म्हणायची संधी मी तिच्याकडून काढून घेतली.

म्हणून मला वाटतं की आपल्या बायकांनी रस्त्यावर यावं. मोर्चाला या असं म्हणत नाही, गाडी घेऊन या, एसटीने या, स्कूटरवर या. त्यामागे बंड नको, फॅशनही नको. घरात बसून दोन्ही भीती फक्त वाढतात. बाहेर पडलं की त्यांचं खरं माप कळतं. माझ्या तीन दिवसांत एक लॉजवाला वाईट निघाला, किंवा निघाला असेल. बाकी शंभरेक माणसांना माझ्याशी घेणंदेणं नव्हतं. घरी बसून टीव्ही आणि व्हॉट्सअॅप बघणाऱ्या माझ्या नातेवाइकांना हे प्रमाण उलटं वाटतं. मी त्यांना खोटं ठरवत नाही. मी एवढंच म्हणते की मी मोजून आले आहे.

पुरुषांनाही सांगायचं आहे. मुलीला परवानगी देऊ नका, तिला स्टेपनी बदलायला शिकवा. यांनी मला अंगणात जॅक लावायला शिकवलं, ती या सगळ्या प्रवासातली सगळ्यात मोठी दुआ होती असं मी मानते. बाकी हिशेब सोपा आहे. दिवस मावळायच्या आत मुक्काम. दिवसाला साडेचारशे किलोमीटरच्या वर नाही. उन्हाळ्यात टायरची हवा सकाळी गाडी थंड असताना बघायची. महामार्गावर अडचण आली तर 1033, पोलिसांसाठी 112. लॉज बुक करताना फोनवरच पूर्ण नाव सांगायचं आणि एकटी येतेय हेही सांगायचं. ‘नाही’ ऐकायचं असेल तर ते दुपारी फोनवर ऐकलेलं बरं, रात्री काउंटरवर नको. हे मी शिकले ते किंमत देऊन.

दऱ्याच्या डोंगरातून उतरून संध्याकाळी कोट्यात शिरले. पोरगा होस्टेलच्या फाटकाबाहेर उभा होता. वाळला होता. मला बघून आधी गाडीत मागे बघितलं, मग पुढच्या सीटकडे. ‘‘अम्मी, अकेलेच आये?’’ मी म्हटलं, हो. तो काही बोलला नाही. गाडीच्या भोवती एक चक्कर मारली, टायर बघितले, मागे जाऊन थांबला. मग आठवडाभरात पहिल्यांदा त्याच्या आवाजात काहीतरी हललं. ‘‘अब्बू ने स्टिकर निकाले? पर दिखरा तो है.’’

मी मागे जाऊन बघितलं. स्टिकर गेलं होतं, पण त्याचा चिकटा काचेवर राहिला होता. अकराशे किलोमीटरची धूळ त्या चिकट्यावर बरोबर बसली होती. तीन राज्यांच्या धुळीत 786 आधीपेक्षा ठळक दिसत होतं. म्हणजे मी ते सगळ्या रस्त्याने मिरवत आले होते आणि मला माहीतही नव्हतं. माझ्या मागच्या प्रत्येक ट्रकवाल्याने ते वाचलं असेल. कुणीही काही केलं नाही. ज्या म्हातारीला मी सुनीता म्हणाले, तिच्या धाब्यासमोरही गाडी तशीच उभी होती.

त्या रात्री तिचा फोन आला. पोचलीस का बेटी? मी म्हटलं, पोचले, पोरगा भेटला. ‘‘अच्छा सुनीता, खुश रहो.’’ तेव्हाही सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

परतताना पोरगा सोबत होता, मागे कूलर आणि खोकी. तो धाबा रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला आला. पोराने विचारलं, थांबायचं का, ताक मिळेल. मी म्हटलं, पुढे बघू. गाडी हळूसुद्धा केली नाही.

नीटचा निकाल काय लागला ते इथे महत्त्वाचं नाही. पोरगा घरी आहे, जेवतो, रात्री झोपतो, संध्याकाळी अब्बूंच्या दुकानात बसतो. पुढचं पुढे बघू. यांनी नवं स्टिकर आणलंय, ते अजून कपाटात आहे. लावायचं की नाही यावर आम्ही बोललेलो नाही. काच मात्र मी मुद्दाम धुऊन घेतलेली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मला पुन्हा त्या रस्त्याने जायचंय. कोट्यात आता काही काम नाही. काम त्या धाब्यावर आहे. ताकाचे पैसे द्यायचे राहिलेत, आणि नाव सांगायचं राहिलंय.